काडीच्या माणसाची चाल

संपादकांचा निरोप होता, की हिवाळ्यात मुलांना घेऊन घरबसल्या करता येईल असं काहीतरी लिहा. म्हणून आज काडीच्या माणसाबद्दल लिहिते. एक गोल, पाठीची एक रेघ, दोन हात, दोन पाय. 'मला चित्रकला येत नाही' ही सबब इथे चालत नाही. खर्च म्हणाल तर चिकट चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आणि एक पेन.

सुरुवात गठ्ठ्याच्या शेवटच्या पानापासून करायची. त्यावर वरचं पान पडलं की खालचं चित्र अंधुक दिसतं. ते बघून पुढचं चित्र किंचित सरकवून काढायचं, मग त्याच्या वरचं पान. जमिनीची रेघ मात्र प्रत्येक पानावर एकाच जागी हवी. शेवटी अंगठ्याने मागून पुढे फर्रकन पानं सोडली की माणूस हलतो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं सरकतात. हाताने काढणारे बरेचजण एकेक चित्र दोनदा वापरून १२ वर भागवतात. या हिशेबाने शंभर पानांचा गठ्ठा आठ-साडेआठ सेकंदांत खलास!

चालणारा माणूस काढताना मुलं नुसते पाय हलवतात आणि डोकं एकाच उंचीवर ठेवतात. मग तो चालत नाही, ड्राइव्ह-वेवरच्या बर्फावरून घसरत गेल्यासारखा दिसतो. पाय फाकले की शरीर थोडं खाली येतं आणि एक पाय दुसऱ्याजवळून जाताना वर उचललं जातं. एवढं सांभाळलं की काडीत जीव आला. चित्रं जवळजवळ काढली की चाल मंद, लांबलांब काढली की जलद.

या विद्येचं एक माहेर आपल्या कॅनडातच आहे बरं का. मूळचे स्कॉटलंडचे नॉर्मन मॅक्लॅरेन १९४१ साली इथल्या नॅशनल फिल्म बोर्डात आले. कॅमेरा बाजूला ठेवून थेट फिल्मच्या पट्टीवर पेनाने चित्रं काढणारा हा माणूस. त्यांच्या १९५२ च्या 'नेबर्स'ला ऑस्कर मिळालं. ते म्हणत, की एकेका चित्रात काय आहे यापेक्षा दोन चित्रांच्या मध्ये काय घडतं ते जास्त महत्त्वाचं. आणि आपण तरी कुठे मागे होतो? दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी, भांडवल मिळावं म्हणून, कुंडीत उगवणाऱ्या वाटाण्याचे टप्प्याटप्प्याने फोटो घेऊन अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' काढला. माणसाच्या जागी चक्क काड्यापेटीतल्या काड्या! आज तो बघायला मिळत नाही, याची चुटपुट लागते.

आमच्या घरी हा उद्योग गेल्या हिवाळ्यात सुरू झाला. सासूबाई सुपर व्हिसावर सांगलीहून आल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे बर्फात बाहेर पडायची सोय नाही. लेक नऊ वर्षांची. तिला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत. आजींचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी संपतं. दोघींचं संभाषण 'जेवलीस का?' आणि 'यॅ' यापलीकडे सरकत नव्हतं, आणि आजी परत जायचे महिने मी मनात मोजत होते.

लेकीने पहिला माणूस चालवला. आजींनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "हा चालत नाहीये, खुरडतोय."

"खुरडतोय मीन्स?"

आजींनी उठून दाखवलं. मग गाडी सुटलीच. झपाझप म्हणजे कसं, रमतगमत म्हणजे कसं, तुरुतुरु कोण चालतं, दुडूदुडू कोण. इंग्रजीत हिला या सगळ्याला 'वॉक' पुरत होतं. आता प्रत्येक शब्दाची पानं ठरली: झपाझपला पावलामागे चार, रमतगमतला दहा. तुरुतुरुला दोनच, पण पावलं जवळजवळ. दुडूदुडूला डोकं मोठं आणि अंग दोन्हीकडे झुलतं. फोनवर हेच करून देणारी ॲप्स आहेत म्हणे. पण त्यांत आजी पलंगावरून उठून चालून दाखवत नाही.

मग लेकीने आजीच काढली. ऑपरेशनचा पाय लाल पेनाने, आणि काठी त्याच बाजूच्या हातात. आजींनी लगेच हरकत घेतली. काठी चांगल्या पायाच्या बाजूला धरायची, आणि दुखरा पाय नि काठी एकदम पुढे टाकायची. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी त्यांना हेच घोकून घेतलं होतं. लेकीने तीस पानं पुन्हा काढली, कुरकुर न करता. भांडी घासायला सांगितली की हीच मुलगी काय करते ते विचारू नका.

नवा गठ्ठा आजींनी तीन-चारदा फिरवून पाहिला. मग हळूच विचारलं, "एवढी वाकते का गं मी?"

"नाही आजी, थोडीच. मी जास्त काढलं, दिसायला पाहिजे म्हणून."

मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. सबंध वाक्य मराठीत ऐकून लाटणं थांबलं, पण बाहेर गेले नाही.

एप्रिलमध्ये आजी परत गेल्या. तो गठ्ठा रबरबँड लावून त्यांच्या पर्समध्ये गेला. आता रविवारी सकाळी फोनवर लंगडीचा खेळ चालू आहे: तिकडून नियम, इकडून प्रश्न. उडी मारण्याआधी गुडघा वाकायला तीन पानं लागतात, आणि भिडू बाद झाला की त्याला कुठे उभं करायचं यावर अजून वाद मिटलेला नाही.