सांधा

१९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या आत, किल्लारीची जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, गावं गाढ झोपेत होती. तोवर सरकारी नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात मोडत होता. माणसं मेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली. माझी खाला त्यातलीच एक. तेव्हापासून आमच्या औसा-उमरगा भागात घर बांधायचं म्हटलं की घरातलं मोठं माणूस एकच सांगतं, "दगडमाती नको, सिमेंटचं करा."

या वाक्यामागचं दुःख मला ठाऊक आहे. पण हे वाक्य अर्धंच खरं आहे. मी प्रीकास्टच्या कामावर अभियंता आहे. कॉलम, बीम, भिंती, जिने असे इमारतीचे भाग यार्डात साच्यात ओतायचे, ट्रेलरवरून जागेवर न्यायचे आणि क्रेननं उचलून जोडायचे, हा आमचा रोजचा धंदा.

मागच्या वर्षी आमच्या गावच्या कब्रस्तानाला प्रीकास्टची भिंत झाली. खांब रोवले, खाचांमध्ये सिमेंटच्या फळ्या सरकवल्या, चार दिवसांत काम आटोपलं. जमातीतले सगळे खूश. त्यावरून मकतबची दुमजली इमारतही अशीच उभी करावी असं ठरत आलं. एका ठेकेदाराचा दरही आला, नेहमीच्या बांधकामापेक्षा बराच कमी. चंद्याचा पैसा, त्यामुळे वाचलेला रुपया सगळ्यांनाच हवा होता. सदर चाचांनी मला विचारलं, "बेटा, कारखान्यात बनलेला माल पक्काच असतो ना?"

मी म्हणालो, "चाचा, माल पक्का असतो. प्रश्न मालाचा नाही, सांध्याचा आहे."

कब्रस्तानाच्या भिंतीची फळी पडली तर पुन्हा बसवता येते. तिच्या आधारावर कुणाचं छप्पर नाही. मकतबच्या स्लॅबखाली मात्र रोज ऐंशी मुलं बसणार.

एरवी इमारतीवरचं ओझं खाली दाबतं, त्यामुळे एकावर एक ठेवलेले भागही वर्षानुवर्षं नीट राहतात. भूकंपात जमीन आडवी हलते. इमारतीचा प्रत्येक भाग शेजारच्यापासून सुटून जाऊ पाहतो. जागेवर ओतलेल्या बांधकामात बीमच्या सळया कॉलममधून आरपार जातात आणि काँक्रीट त्यांना एकजीव करतं. प्रीकास्टमध्ये हे एकजीव होणं आपोआप घडत नाही. ते जागेवर, हातानं, सांध्यासांध्याला घडवावं लागतं.

आर्मेनियात ७ डिसेंबर १९८८च्या भूकंपात किमान पंचवीस हजार माणसं गेली. लेनिनाकान शहरात प्रीकास्ट कॉलम-बीमच्या नऊमजली इमारतींपैकी बहुतेक कोसळल्या किंवा नंतर पाडाव्या लागल्या. त्यांचे सांधे कमकुवत होते आणि मजल्यांच्या फळ्या नीट बांधलेल्या नव्हत्या. त्याच शहरात खोलीएवढ्या मोठ्या प्रीकास्ट भिंती जोडून बांधलेल्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. दोन्ही प्रीकास्टच.

उत्तर इटलीत २०१२च्या मे महिन्यात कारखान्यांच्या शेड पडल्या. अनेक ठिकाणी बीम कॉलमवर नुसते टेकवलेले होते, स्वतःच्या वजनावर बसलेले. बहुतेक शेड बांधल्या तेव्हा तो भाग भूकंपाचा मानलाच जात नव्हता, आपल्या किल्लारीसारखा. २० तारखेनंतर २९ला पुन्हा मोठा धक्का बसला, तेव्हा कामावर परतलेले कामगार त्या छपरांखाली सापडले.

आणि कच्छ तर शेजारचंच. २६ जानेवारी २००१ला तिथं प्रीकास्टच्या एकमजली शाळा पडल्या. छताच्या फळ्या एकमेकींना आणि खालच्या बीमला घट्ट बांधलेल्या नव्हत्या. प्रजासत्ताक दिन होता म्हणून वर्ग भरलेले नव्हते.

याचा अर्थ प्रीकास्ट वाईट, असं मी म्हणणार नाही. यार्डात पाणी मोजून पडतं, सळई जागेवर बसते, क्युरिंग चुकत नाही. गावाकडच्या साइटवर यातलं किती होतं, ते आपण सगळेच जाणतो. १९९९मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठात पाच मजली प्रीकास्ट इमारतीचा नमुना प्रयोगशाळेत हलवून पाहिला गेला. त्यात भाग एकमेकांना ताणलेल्या केबलनं बांधलेले होते. सांधा धक्क्यात उघडतो आणि केबल त्याला पुन्हा जागेवर ओढते. नमुना मोठे धक्के सोसून उभा राहिला, नुकसान थोडकं झालं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोसारख्या भूकंपाच्या शहरात प्रीकास्टची ३९ मजली इमारत उभी राहिली. म्हणजे करता येतं, पण आधी सांध्याचा विचार करून.

म्हणून कमिटीला मी तीन गोष्टी मागायला सांगितल्या. बीम कॉलमला कसा जोडणार, त्याचा नकाशा दाखवा. छताच्या फळ्यांवर सळईची जाळी टाकून वरून काँक्रीट ओतणार का, ते लिहून द्या. आणि हा हिशोब भूकंप धरून केलाय, अशी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आणा. ठेकेदार म्हणाला, "आजवर कुणी विचारलं नाही." त्याचा दर स्वस्त होता तो याच तीन गोष्टी वगळून. चंदा आणखी वर्षभर गोळा करावा लागेल. काहीजण माझ्यावर नाराज आहेत, ते चालेल.

तुमच्या गावी शाळा, शादीखाना, दवाखाना प्रीकास्टमध्ये होत असेल तर याच तीन गोष्टी विचारा. आणि एक काम स्वतः करा. सांध्यातला मसाला एकदा भरला की आत पोकळी राहिली की नाही, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. तो भरायच्या दिवशी इंजिनिअरला बोलवा, आणि कमिटीतलं एक तरी माणूस शेवटचा सांधा भरेपर्यंत तिथं उभं ठेवा.