पालखीला खांदा द्यायचा तर गावातच राहायला हवं का?

ऑल ब्लॅक्सच्या एखाद्या मोठ्या खेळाडूचा करार संपत आला की आपल्या ख्राइस्टचर्चमध्ये एक ठरलेला हंगाम सुरू होतो. आधी नुसती कुजबुज, जपानची ऑफर आहे म्हणे. मग कुणीतरी फ्रान्सचं नाव घेतं. मग ऑफिसात चहाच्या वेळी वाद, आणि संध्याकाळपर्यंत तेच सगळं आपल्या मराठी ग्रुपवर. "पैशासाठी चालला." "काळी जर्सी विकली." "जाऊ दे, असल्यांची गरजच नाही."

मंडळी, हे इंग्रजीत ऐकलं तर मी सोडून देतो. मराठीत वाचलं की मात्र थांबावंसं वाटतं. हे लिहिणारे आपण कोण? पुण्या-मुंबईतली, कोकणातली, विदर्भातली बरी चाललेली नोकरी सोडून जास्त पगारासाठी अर्धं जग ओलांडून इथं आलेली माणसं. आपण निघालो तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले. आणि लिनवूडचा पोरगा टोकियोला निघाला की तो गद्दार!

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. रिची मोउंगा याच शहरातला. घराणं मुळात सामोआ-टोंगाकडचं, म्हणजे समुद्र ओलांडून आलेलंच. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं क्रुसेडर्सनी सुपर रग्बीचं विजेतेपद घेतलं आणि त्या सातही वर्षांत हा संघात होता. रग्बीत १० नंबर म्हणजे संघाचा सूत्रधार. बॉल कुठं जायचा, लाथ मारायची की पळायचं, हे तोच ठरवतो. २०२३ च्या वर्ल्ड कपनंतर तो तोशिबाच्या ब्रेव्ह लुपस संघाकडे तीन वर्षांसाठी जाणार हे आधीच पक्कं झालं होतं. वय तेव्हा २९.

यात रागावण्यासारखं काय होतं? रग्बीत तिशीनंतर हाताशी फार वर्षं उरत नाहीत. गुडघा, खांदा, डोक्याला बसणारे मार, यातलं काहीही एका दुपारी सगळं संपवू शकतं. डॅन कार्टरचं उदाहरण आहेच. २००८ च्या शेवटी युनियनच्या परवानगीनं तो काही महिन्यांसाठी फ्रान्सच्या पेर्पिन्याँकडे गेला आणि २००९ च्या जानेवारीत टाचेचा स्नायुबंध तुटून बसला. आपल्याला ६५ पर्यंत कमवता येतं, या पोरांना जेमतेम बारा-पंधरा वर्षं मिळतात. चांगले पैसे त्याच काळात मिळाले तर मिळाले.

बरं, गेला तर गेला. खरी गोची पुढं आहे. न्यूझीलंड रग्बीचा नियम असा की इथल्या संघाशी करार असेल तरच ऑल ब्लॅक्समध्ये निवड. काहींना कार्टरसारखी ठरावीक मुदतीची सुट्टी मिळते. बोडेन बॅरेट आणि आर्डी सावेआ तसेच जपानला जाऊन खेळून आले. पण सुट्टी न घेता सरळ करार करून गेलात तर काळी जर्सी बंद.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. तेव्हा मुंबईहून चाकरमानी येतात, एसटी आणि रेल्वे ओसंडून वाहतात, आणि पालखीला खांदा द्यायला तेच पुढं असतात. "तू वर्षभर लोअर परळला राहतोस, तुला मान नाही" असं त्यांना कुणी म्हणत नाही. म्हटलं तर पालखी उचलायला माणसंच पुरणार नाहीत. कमवायला कुठंही जावं, वेळेवर परत यावं आणि खांदा द्यावा, एवढीच गावाची अपेक्षा.

न्यूझीलंडचा नियम याच्या नेमका उलटा आहे. गाव सोडलंस ना, मग पालखीला हात लावायचा नाही.

या नियमाची किंमत आपण डोळ्यांनी पाहिली. २८ ऑक्टोबर २०२३, पॅरिसची फायनल. दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. आफ्रिकेचे बाराच्या बारा गुण हँड्रे पोलार्डच्या पायातून आले, आणि पोलार्ड तेव्हा इंग्लंडमध्ये लेस्टरकडून खेळत होता. परदेशात खेळणाऱ्यांना आफ्रिका संघात घेते. आपल्याकडे असा नियम असलेला देश एका गुणानं हरला, तोही परदेशात पगार घेणाऱ्या माणसाकडून. त्या रात्री मोउंगाची एक कन्व्हर्जन चुकली. त्यावरून त्याला बोलणारेही पुढचे दोन हंगाम "तो असता तर" म्हणत राहिले.

आता दुसरी बाजूही मांडतो, कारण युनियनवाले काही मूर्ख नाहीत. हा देश पन्नास लाखांच्या थोडा वर, म्हणजे आपल्या पुण्याहूनही लहान. इथं टीव्हीच्या हक्कांचे पैसे ते किती येणार? फ्रान्समध्ये श्रीमंत क्लबमालक, जपानमध्ये संघांमागं मोठ्या कंपन्या. पगाराच्या शर्यतीत आपण हरणारच. काळी जर्सी हा एकच हुकमाचा पत्ता हातात आहे. तोही टाकून दिला तर पंचविशीतली पोरं रांगेनं निघतील, सुपर रग्बी ओस पडेल आणि लहान पोरांना बघायला कुणी उरणार नाही. कोकणात गावोगावी बंद घरं आणि अंगणात एकटे बसलेले म्हातारे आपण पाहिलेत. ही भीती खोटी नाही.

आफ्रिकेची नक्कलही जशीच्या तशी करता येणार नाही. त्यांची घड्याळं युरोपच्या जवळ, त्यांचे संघ २०२१ पासून युरोपातल्याच लीगमध्ये खेळतात. आपण सकाळी उठतो तेव्हा युरोप झोपायच्या तयारीत असतो.

पण जपानचं गणित वेगळं आहे. वेळेत फरक तीन-चार तासांचा. तिथली लीग उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते आणि इथल्या कसोटी जुलैत सुरू होतात. म्हणजे शिमग्याच्या आधी चाकरमानी गावात पोचू शकतो.

मधला मार्गही जगानं शोधून ठेवला आहे. ऑस्ट्रेलियानं २०१५ मध्ये नियम केला की ६० कसोटी आणि देशात सात वर्षं खेळून झालेला माणूस परदेशात गेला तरी निवडीला पात्र. मॅट गिटो त्याच नियमानं परतला आणि त्याच वर्षी वर्ल्ड कपची फायनल खेळला. वेल्सनंही आधी ६० सामन्यांची अट घातली, मग २०२३ मध्ये ती २५ वर आणली. आपल्याकडे २०२४ मध्ये प्रशिक्षक झालेल्या स्कॉट रॉबर्टसननी नियम थोडा सैल व्हावा असं उघड बोलून दाखवलं होतं. युनियन हलली नाही.

माझं म्हणणं एवढंच की सात-आठ वर्षं इथं खेळलेल्याला मोकळीक द्या. विशीतल्या पोराला बांधून ठेवा, हरकत नाही. पण ज्यानं गावासाठी सात वर्षं खांदा दिला, त्याला गावकीतून काढू नका.

आणि चाहते म्हणून आपणही थोडं तपासून बोलायला हवं. वाईट वाटणं आणि हक्क सांगणं यात फरक आहे. आवडता खेळाडू जातोय म्हणून वाईट वाटलंच पाहिजे, मलाही वाटतं. २०२४ मध्ये मोउंगा गेलेला, रॉबर्टसन गेलेले, आणि क्रुसेडर्स १२ संघांत नववे! थंडीत कुडकुडत ते सामने बघणं ही शिक्षाच होती. पण म्हणून त्याचं आयुष्य आपल्या मालकीचं होत नाही. आपले आई-वडील आपण इकडे आल्याचं दुःख रोज सहन करतात. व्हिडिओ कॉलवर नातवंडं बघतात. तरी "गद्दार" हा शब्द त्यांच्या तोंडून आपण कधी ऐकला नाही.

शिवाय जाणाऱ्यामुळे घर बुडत नाही हेही बघितलं. २०२५ मध्ये मोउंगाशिवाय क्रुसेडर्सनी पुन्हा विजेतेपद मिळवलं. तिकडे त्याच्या ब्रेव्ह लुपसनं २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी जपानची लीग जिंकली. आणि २०२५ मध्येच त्यानं न्यूझीलंड रग्बीशी पुन्हा करार केला, २०२७ चा वर्ल्ड कप डोळ्यासमोर ठेवून.

सगळे असे परतत नाहीत. चार्ल्स पिउटाऊ ऐन विशीत उल्स्टरकडे जायचं ठरवून बसला, २०१५ च्या वर्ल्ड कप संघात त्याचं नाव आलं नाही, आणि पुढं २०२३ चा वर्ल्ड कप तो आपल्या पूर्वजांच्या टोंगाकडून खेळला. टोंगानं त्याला विचारलं नाही की इतकी वर्षं कुठं होतास.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाच्या तरी जाण्याची बातमी आली की ग्रुपवर लिहिण्याआधी एक करा. आपण निघालो त्या दिवशी मुंबई विमानतळावर आपल्याला सोडायला कोण कोण आलं होतं ते आठवा. त्यांनी आपल्याला जे म्हटलं, तेच त्या पोरालाही म्हणू या. नीट जा, आणि जमेल तेव्हा ये.