एका कॅथलिक चित्रकाराची प्रॉटेस्टंट सभा

प्रॉटेस्टंट धर्मपंडितांच्या सभेचे चित्र आपल्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर चित्रकाराच्या चरित्रात आहे. जॉन रॉजर्स हर्बर्ट या इंग्लिश चित्रकाराने १८४० च्या सुमारास कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, आणि त्यानंतर वेस्टमिन्स्टर सभेचे हे चित्र रंगविले.

इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४३ साली ही सभा बोलाविली. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या जेरुसलेम दालनात उपासना, शिकवण आणि ख्रिस्तसभेचा कारभार यांवर दीर्घकाळ खल झाला. त्यातून १६४६ मध्ये 'वेस्टमिन्स्टर श्रद्धाकथन' सिद्ध झाले. स्थानिक मंडळ्या वरिष्ठ धर्मसभांच्या अधिकाराखाली असाव्यात, असे बहुसंख्य प्रेस्बिटेरियनांचे मत होते. मूठभर 'इंडिपेंडंट' पाळकांना ते मान्य नव्हते. १६४४ मध्ये त्यांच्यापैकी फिलिप नाय यांनी त्याविरुद्ध भाषण केले व सभेत खळबळ उडाली. हर्बर्ट यांनी नेमका तो प्रसंग निवडला आणि चित्राच्या नावातच विवेकस्वातंत्र्याचा उल्लेख केला.

हे स्वातंत्र्य कॅथलिकांसाठी मात्र नव्हते. त्या राज्यात मिस्सा अर्पण करणे हा गुन्हा होता. १६८९ च्या सहिष्णुता कायद्यानेही आपल्या लोकांना वगळले. पार्लमेंटचे दार त्यांना उघडले ते १८२९ साली. असे असूनही एका कॅथलिकाने त्या पाळकांचा गौरव केला.

आपल्या घरचेही सांगितले पाहिजे. श्रद्धेची सक्ती करता येत नाही, ही आपली जुनीच शिकवण. परंतु सत्ता हाती असता ती नेहमीच पाळली गेली नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी, धर्मस्वातंत्र्य मानवी प्रतिष्ठेतच रुजलेले आहे, असे निःसंदिग्धपणे जाहीर केले.

मिश्रविवाहाच्या परवानगीसाठी कुटुंबे आमच्याकडे येतात. "फादर, मुलाला आधी आपल्यात घ्या, मगच लग्न," असा आग्रह मुलीचे आईवडील धरतात. त्यांची तळमळ आम्हाला कळते. नातवंडांपर्यंत आपली श्रद्धा पोहोचावी ही इच्छा योग्यच आहे. आपल्या परीने तसे प्रयत्न करण्याचे वचन त्यांच्या मुलीने द्यावयाचेच असते. परंतु लग्नाच्या तारखेसाठी घेतलेली श्रद्धा किती दिवस टिकणार? अशा वेळी आम्हाला हे चित्र आठवते. हर्बर्ट यांनी आपली श्रद्धा सोडली नाही, आणि दुसऱ्याच्या विवेकाचा मानही राखला.

प्रॉटेस्टंट जावई स्वतःहून विचारावयास आला, तर आम्ही त्याला आनंदाने शिकवू. तोवर त्याला आपल्या मंडळीत प्रार्थना करू द्यावी, आणि आपण त्याच्यासाठी करावी.