बापाचा दोष कोठें गेला?

प्राचीन रोमवरील बोलपट लागला कीं आमच्यांतील मास्तर जागा होतो, अशी आमच्या घरांत तक्रार आहे. म्हणून रिड्ले स्कॉट यांचा २००० सालचा 'ग्लॅडिएटर' पाहावयास बसतांना चिरंजीवांनीं बजावलें, "बाबा, मध्यें बोलायचं नाहीं."

आम्हीं वचन पाळलें. सम्राटाचा अंगठा खालीं वळला, तेव्हांही गप्प होतों. अंगठा वळविण्याचा उल्लेख लॅटिन ग्रंथांत आहे; पण कोणत्या दिशेस, हें ते सांगत नाहींत. पडद्यावरील खूण जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ सालच्या चित्रावरून घेतलेली आहे. असो, एवढी सूट रंजनाला द्यावीच.

परंतु मुख्य कथेची गोष्ट निराळी. बोलपटांतला मार्कस ऑरेलियस नालायक पुत्र कॉमोडसला डावलून मॅक्सिमस या कल्पित सेनापतीस सत्ता देऊं पाहतो, आणि पुत्र त्याचा जीव घेतो. खऱ्या मार्कसनें इ. स. १७७ मध्येंच पंधरासोळा वर्षांच्या कॉमोडसला सहसम्राट करून टाकलें होतें! त्याच्या पूर्वीच्या चार सम्राटांस हयात पुत्र नव्हता. त्यांनीं जाणता माणूस निवडून दत्तक घेतला. मार्कसला पुत्र होता, आणि तेथेंच घडी मोडली. रोज स्वतःचें मन तपासून ग्रीक भाषेंत टिपणें लिहिणारा हा तत्त्वज्ञ घरांत धृतराष्ट्रच ठरला. १८० सालीं तो वारला. पुढें कॉमोडसनें बारा वर्षें राज्य केलें, तो आखाड्यांत खरोखरच उतरला, आणि १९२ च्या अखेरच्या दिवशीं कटवाल्यांनीं नार्सिसस नांवाच्या मल्लाकडून त्याचा गळा दाबविला. मग यादवी माजली.

म्हणजे बोलपटानें बापाचा सारा दोष पुसून मुलाच्या माथीं पितृहत्या मारली. आमचा लहानसा छापखाना यंदा चिरंजीवांच्या हवालीं करावयाचें घाटत आहे, म्हणूनही हें आम्हांस अधिक झोंबलें असेल.

बोलपट संपल्यावर आम्हीं हें सारें सांगितलें. चिरंजीव बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "बाबा, तो खरा बोलपट कोणी काढला असता, तर आपण दोघं शेवटपर्यंत एकत्र बसलों असतों का?"

आम्ही बहुधा मध्येंच उठलों असतों.