दूरचित्रवाणी : तेव्हांची आणि आतांची

पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास दोन गोष्टींविषयीं मत विचारूं नये, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे : एक नागपुरी संत्र्याची गोडी आणि दुसरी दूरचित्रवाणी. दोहोंविषयींचें उत्तर ठरलेलें असतें. पूर्वीची सर आतां नाहीं! सकाळीं अंबाझरीच्या तलावाकांठीं फिरावयास येणारे स्नेही हेंच सांगतात, महाविद्यालयांतील आमचे सहकारी हेंच सांगतात, आणि लग्नाच्या पंगतींत शेजारीं बसलेले अपरिचित गृहस्थही जिलबी पानांत पडेपर्यंत हेंच सांगत असतात. मतांचा इतका एकोपा दिसला कीं अध्यापनांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास संशय येतो. वर्गांतील साऱ्या उत्तरपत्रिकांत एकच उत्तर आढळलें, तर तें बरोबर असण्यापेक्षां कोणाचें तरी पाहून लिहिलेलें असण्याचा संभव अधिक, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या मतें येथें दोन निराळ्या प्रश्नांची गल्लत होते. त्या वेळचे कार्यक्रम अधिक चांगले होते काय, हा एक प्रश्न. आणि ते पाहतांना आपण अधिक सुखी होतों काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर कार्यक्रमांत शोधावयाचें, दुसऱ्याचें आपल्या घरांत. पहिल्यापासूनच आरंभ करूं.

भारतांत दूरचित्रवाणीचा जन्म १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. मराठी दूरदर्शनाचा सुवर्णकाळ म्हणून ज्याचें गुणगान होतें, तो ह्या मुंबई केंद्राच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांचा काळ. चिं. वि. जोशी ह्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ह्यांनीं पडद्यावर उभे केले ते त्याच काळांत. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'आमची माती, आमची माणसं' हीं नांवेंही त्याच केंद्राचीं. पण नागपूरकरानें येथें थोडें थांबावें. आमच्या शहरास दूरचित्रवाणी लाभली ती ऐंशीच्या दशकांत, आणि सेमिनरी हिल्सवरील मनोरा त्यानंतर शहराची एक खूण होऊन बसला. चिमणरावांची कीर्ति आमच्या कानीं आली ती सुटींत मुंबईहून येणाऱ्या आतेभावाच्या तोंडून. आमच्या पडद्यावर रात्रीचा मोठा भाग दिल्लीचा, आणि म्हणून हिंदी असे. विदर्भांतील मनुष्य ज्या मराठी सुवर्णकाळाची आज सद्गदित होऊन आठवण काढतो, तो पुष्कळ अंशीं ऐकीव आहे.

तरी जें आमच्या वाट्यास आलें तें थोडें नव्हतें. आम्ही त्या वेळीं शाळेंत जात होतों व महालांतील एका जुन्या वाड्यांत राहत होतों. सात बिऱ्हाडांत संच एकच. तो ज्यांचा होता त्यांच्या ओसरीवर संध्याकाळीं सतरंजी पडे, आणि पुढची जागा वयाप्रमाणें नव्हे, तर येण्याच्या क्रमानें मिळे. १९८४ सालीं 'हम लोग' आली आणि १९८६ सालीं 'बुनियाद'. 'रामायण' जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत चाललें. 'महाभारत' ऑक्टोबर १९८८ पासून जून १९९० पर्यंत. गोविंद निहलानी ह्यांची 'तमस' आणि श्याम बेनेगल ह्यांची 'भारत एक खोज' ह्यांचें वर्षही १९८८. ह्या नांवांमागें कोण उभे आहेत तें पाहावें. पहिल्या दोन मालिकांचे लेखक मनोहर श्याम जोशी. 'महाभारता'चे संवाद राही मासूम रझा ह्यांचे. 'तमस' ही भीष्म साहनी ह्यांची कादंबरी. आणि 'भारत एक खोज'च्या मुळाशीं पंडित नेहरूंचा ग्रंथ. साहित्य हें ह्या पडद्याचें माहेर होतें. दुसरें असें कीं, ह्या कथांना अंत होता. 'रामायणा'चे भाग ७८, 'महाभारता'चे ९४, 'भारत एक खोज'चे ५३. लेखकास शेवट ठाऊक असल्यामुळें मध्यही नीट बांधतां येई. शिवाय 'महाभारता'चा एक भाग पाहिल्यावर दुसऱ्यासाठीं सात दिवस थांबावें लागे, आणि ते सात दिवस रिकामे जात नसत. कर्ण थोर कीं अर्जुन, ह्या वादांत वाड्याच्या विहिरीवर पाण्याच्या बादल्या भरून वाहत असत.

आतां दोष पाहूं. ज्या घरीं एकच भाजी शिजते तेथें ती आवडीची ठरते, कारण ती बाजूला सारली तर पानांत दुसरें कांहीं उरत नाहीं. दूरदर्शन सरकारचें होतें, आणि बोलतही सरकारचेंच असे. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणींत तें किती वांकलें, ह्याचा हिशोब १९७७ सालच्या सरकारी श्वेतपत्रिकेंतच मांडलेला आहे. बी. जी. वर्गीस ह्यांच्या समितीनें १९७८ सालीं स्वायत्ततेची शिफारस केली; प्रसार भारतीचा कायदा होण्यास १९९० साल उजाडलें, आणि तो अंमलांत येण्यास १९९७. मधल्या काळांत बातम्यांत मंत्र्यांचीं उद्घाटनें आधीं आणि दुष्काळ मागाहून, हा क्रम कायम होता. त्या पडद्याच्या ज्या संथ शालीनतेचें आपण कौतुक करतों, तिच्यांत सुसंस्कृतपणा किती आणि वरिष्ठांचें भय किती, हें निवडून दाखविणें कठीण आहे.

ही मक्तेदारी मोडली ती प्रथम उपग्रहांनीं आणि मग कायद्यानें. १९९२ सालीं 'झी' वाहिनी निघाली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या निर्णयाच्या लेखकांत न्यायमूर्ति पी. बी. सावंत हे मराठी न्यायाधीश होते. मक्तेदारी सरकारची असो वा खाजगी धनिकांची, दोन्ही सारख्याच त्याज्य, असेंही त्यांत बजावलेलें होतें. निर्णयाचा पूर्वार्ध देशानें आनंदानें स्वीकारला. उत्तरार्ध मात्र कोणाच्या फारसा स्मरणांत राहिलेला दिसत नाहीं.

ह्या मोकळिकीचा लाभ मराठीस निश्चित झाला. 'आल्फा मराठी' १५ ऑगस्ट १९९९ रोजीं आणि 'ई टीव्ही मराठी' २००० सालीं सुरू झाली, तेव्हां दिवसभर मराठी बोलणारा पडदा विदर्भांतील घरांत आला. तेवढेंच नव्हे. २०१६ ते २०२१ ह्या काळांत चाललेल्या 'माझ्या नवऱ्याची बायको' ह्या मालिकेची नायिका राधिका ही नागपूरची. जी बोली पूर्वीं बहुधा हंसें पिकविण्यापुरती गड्याच्या तोंडीं घातली जाई, ती येथें नायिकेच्या तोंडीं आली. आणि ती नायिका मसाल्याचा धंदा उभारून स्वतःच्या पायांवर उभी राहिली. 'करून राहिली' आणि 'जाऊन राहिला' हे आमचे प्रयोग कोल्हापुरापर्यंत पोंचले. त्यांत अस्सल नागपुरी किती आणि बनावट किती, ह्यावर आमच्या गल्लींत वादही झाले. पण ज्या बोलीच्या खरेखोटेपणावर वाद घालावा, इतक्या मोठ्यानें ती कोणी बोललें, हें जुन्या काळीं घडलें नसतें.

मग बिघडलें कोठें? आमच्या समजुतीप्रमाणें, शेवट हरवला तेथें. 'चार दिवस सासूचे' ह्या नांवाची मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे भाग तीन हजारांवर गेले. नांवांतील चार दिवसांचा हिशोब ज्यानें त्यानें करावा. ह्याचें कारण लेखकांचा आळस नव्हे, तर व्यवहाराची रचना आहे. देशांतील सुमारें पन्नास-साठ हजार घरांत एक यंत्र बसविलेलें असतें. त्या घरांत कोणी काय पाहिलें ह्याची तें नोंद करतें, आणि दर आठवड्यास तिचे आंकडे प्रसिद्ध होतात. २०१५ पासून हें काम 'बार्क' नांवाची संस्था करते. त्या आंकड्यांवर जाहिरातीचा दर ठरतो. जी कथा चालते ती संपविणें म्हणजे पाणी लागलेली विहीर बुजविणें होय. असा विचार ज्यानें पैसा घातला तो कां करील? म्हणून मेलेलें पात्र परत येतें, स्मृति जाते व पुन्हां येते, आणि दोन पात्रांतील एका वाक्याचा गैरसमज तीन आठवडे पुरतो. बातम्यांच्या वाहिन्यांची गतही ह्याहून वेगळी नाहीं. आंकड्यांतील गैरव्यवहाराच्या आरोपांमुळें बातम्यांपुरते हे आंकडे ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत बंद होते. पण आरडाओरडा कांहीं बंद झाला नाहीं.

येथवर हिशोब जवळजवळ सारखा उतरतो. पूर्वीं कथेला बांधा होता पण बोलण्यास मोकळीक नव्हती; आतां मोकळीक आहे पण बांधा नाहीं. आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं, आणि त्यासाठीं आमच्या घरांत शिरणें भाग आहे.

आमच्या मातोश्रींनीं ऐंशी वर्षें ओलांडलीं आहेत. वडील गेल्यापासून त्यांची संध्याकाळ सातला आरंभते आणि नऊला संपते. मधल्या चार मालिका त्या एकट्या पाहतात. आम्ही आमच्या खोलींत उत्तरपत्रिका तपाशीत असतों, आमची पत्नी भ्रमणध्वनीवर दुसरेंच कांहीं पाहत असते, आणि कन्या तिसरें. सात बिऱ्हाडांत जेथें एक संच होता, तेथें आज चार माणसांत पांच पडदे आहेत. अशा मालिका पाहणें म्हणजे बुद्धीचा अपव्यय, असें विद्वानांच्या बैठकींत म्हणण्याची पद्धत आहे. तसें एका स्नेह्यांनीं आमच्याच घरीं बोलून दाखविलें, तेव्हां मातोश्री शांतपणें म्हणाल्या, "असेल बा. पण रोज सात वाजतां कोणीतरी येतं तर खरं." ह्या वाक्यानें बैठक जरा लवकर आटोपली.

२८ मार्च २०२० पासून टाळेबंदीच्या दिवसांत दूरदर्शननें 'रामायण' पुन्हां दाखविलें. आमच्या वादास ह्याहून चांगला प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेंत रचतां आला नसता. तीच मालिका, तेच नट, तेंच संगीत. आरंभीं आम्ही चौघेंही एकत्र बसलों. कन्या बाणांच्या आकाशांतील टकरी पाहून हंसली, पण हंसतां हंसतां आजीला प्रश्न विचारूं लागली. आम्हांस मात्र चमत्कारिक वाटलें : कथा संथ होती, देखावे कापडी होते, आणि १९८७ सालीं अंगावर आलेले रोमांच कांहीं केल्या येईनात. कारण शोधण्यास फार दूर जावें लागलें नाहीं. ओसरी नव्हती, मागें बसून नाक शिंकरणारे आजोबा नव्हते, वनवासाच्या प्रसंगीं डोळ्यांस पदर लावणाऱ्या सात बिऱ्हाडांच्या बायका नव्हत्या. मालिका जशीच्या तशी परत आणतां आली. सतरंजी आणतां आली नाहीं. आम्ही ज्याला जुन्या दूरचित्रवाणीची गोडी म्हणत होतों, तिचा मोठा हिस्सा पडद्याच्या अलीकडे बसलेला होता.

ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं, आजच्या मालिकांस आम्ही दोषमुक्त केलें. उलट त्यांच्याकडून अधिक मागण्याचा अधिकार आम्हांस येथूनच मिळतो. एकाकी वृद्धेच्या घरीं रोज सात वाजतां जो पाहुणा जातो, त्यानें निदान काल काय बोललों होतों ह्याचें भान ठेवावें. मातोश्रींची तक्रार नेमकी हीच असते. परवां एका मालिकेंतील सासरा एकाएकीं दुष्ट झाला, तेव्हां त्या म्हणाल्या, "हा माणूस असा नव्हता रे. लिहिणारा बदलला वाटते." साहित्यशास्त्रांत ज्यास पात्राची सुसंगति म्हणतात आणि जी समजावून देण्यास आम्हांस वर्गांत चार तास लागतात, ती त्यांनीं एका वाक्यांत सांगितली. त्यांचें हें परीक्षण ऐकण्यास त्या वेळीं खोलींत आम्ही एकटेच होतों. तेंही पाण्याचा पेला घेण्यास गेलों म्हणून.

आमच्या नियतकालिकांत कवितासंग्रहाचें परीक्षण येतें, दोनशें माणसांनीं पाहिलेल्या नाटकाचें येतें; पण लक्षावधि घरांत रोज चालणाऱ्या मराठी कथेचें परीक्षण क्वचितच येतें, आणि आलें तर तें एका तुच्छतेच्या वाक्यांत आटोपतें. जें सुशिक्षितांनीं वाऱ्यावर सोडलें तें यंत्राच्या आंकड्यांनीं उचललें, ह्यांत नवल कसलें? आंकडा सांगतो कीं किती जण बसून राहिले. कां बसून राहिले आणि उठतांना काय घेऊन उठले, हें तो सांगत नाहीं. तें सांगणें टीकाकाराचें काम. नाटककंपन्यांच्या काळीं मराठी टीकाकारांनीं तें केलें, आणि रंगभूमीचें त्यांत कल्याणच झालें. पडद्याच्या बाबतींत तें काम आज आमच्या मातोश्रींसारख्या श्रोत्यावांचून बोलणाऱ्या प्रेक्षकांवर पडलें आहे.

तेव्हां पूर्वीची दूरचित्रवाणी बरी कीं आतांची, असें विचारणाऱ्यास आम्ही उलट एवढेंच विचारतों कीं, आपल्या घरीं ती कोण पाहतें, आणि पाहून झाल्यावर त्यांच्याशीं त्याविषयीं कोण बोलतें? आमच्यापुरतें म्हणाल, तर हल्लीं उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आम्ही सातच्या आधीं बांधून ठेवतों. सासरा अद्याप दुष्टच आहे. लिहिणारा कधीं बदलला, ह्याविषयीं मातोश्रींचें आणि आमचें एकमत झालेलें नाहीं.