यात्रेला निघण्यापूर्वी जाकीट
वाचकहो, उरणच्या दमट हवेत वाढलेल्या आपल्याला खऱ्या थंडीची ओळख नसते. केदारनाथला निघालेले ज्येष्ठ माझ्याकडे गुडघ्यांविषयी विचारतात, कपड्यांविषयी क्वचितच. ते धाम सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. चढताना घामाने भिजलेला सुती सदरा थांबताच अंग गारठवतो, आणि उतारवयात कुडकुडून ऊब निर्माण करण्याची शरीराची शक्ती क्षीण झालेली असते. महागड्या सॉफ्टशेलचा आग्रह नको. लवकर वाळणारे साधे फ्लीस पुरेसे. मात्र त्यातून वारा आरपार जातो, म्हणून विसाव्याला वरून रेनकोट चढवावा. खांदे आखडलेल्यांनी पुढून पूर्ण उघडणारी चेन पाहावी. सोबत्यांनो, त्यांचे बोलणे अडखळू लागले तर तो केवळ थकवा मानू नका. चढ तिथेच थांबवा, कोरडे कपडे घाला आणि तत्काळ वैद्यकीय मदत मिळवा.