गाडी लागते का?

माणसाच्या दुःखांतही उच्चनीच भेद आहेत. विरहाला कवी लाभले, ज्वराला वैद्य लाभले, डोकेदुखीला तर समाजात एक प्रकारची प्रतिष्ठाच आहे. मळमळीला मात्र कोणी वाली नाही. "पोटात ढवळते आहे" असे सांगताना माणूस ओशाळतो, तोंडावर रुमाल धरतो आणि दुसऱ्या खोलीत जातो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रोगी ओकू लागला, तर भेटीस आलेली मंडळी नजर दुसरीकडे वळवतात आणि "चालायचेच, भुलीचा परिणाम" असे म्हणून त्याचे समाधान करतात. आपली जखम नीट शिवली गेली आहे, खडे बरणीत घालून हाती दिले आहेत, मग एवढ्याशा गोष्टीची तक्रार कशाला, असे त्या बिचाऱ्यालाही वाटू लागते.

रोग्यांचे स्वतःचे मत निराळे आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेला निघालेल्या शंभरएक रोग्यांना विचारले होते, की भुलीतून जागे झाल्यावर कोणता त्रास तुम्हाला सर्वांत नकोसा वाटतो? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत वांतीला पहिला क्रमांक मिळाला, जखमेच्या वेदनेच्याही वरचा. मला याचे नवल वाटले नाही. दुखणे माणूस दात आवळून सोसू शकतो. ओकारीपुढे दात आवळण्याचीही सोय नसते. त्यातून पोटाला चार छिद्रे पाडलेली असताना प्रत्येक उमाशासरशी त्या छिद्रांना जो हिसका बसतो, त्याची कल्पनाच केलेली बरी.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते आमच्या वहिनींच्या पित्ताशयामुळे. वहिनी रत्नागिरीच्या. मुलाकडे मल्लेश्वरात महिनाभर राहायला म्हणून आल्या आणि येथेच त्यांच्या पित्ताशयातील खड्यांनी उचल खाल्ली. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावयाचे ठरले. आदल्या दिवशी संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर त्यांना तपासायला आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, धारवाडकडच्या असाव्यात असे बोलण्यावरून वाटले. पुतण्या औषधे आणायला गेला होता, म्हणून दुभाष्याचे काम माझ्याकडे आले. रक्तदाब, मधुमेह, दमा, पूर्वीच्या शस्त्रक्रिया असे सारे यथास्थित पार पडले. मग त्यांनी इंग्रजीत विचारले, "मोशन सिकनेस?" मी तोंड उघडण्यापूर्वीच वहिनींनी ठामपणे मान हलवली. 'सिकनेस' एवढा शब्द त्यांना कळला होता, आणि आपल्याला कसलाही आजार नाही हे सांगण्याची संधी त्या दवडणाऱ्यांतल्या नव्हेत.

डॉक्टरांनी लिहिण्यासाठी टेकवलेली लेखणी पुन्हा उचलली. क्षणभर वहिनींकडे पाहिले आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "बस्सल्ली होदरे वांती आगुत्ता, अम्मा?"

वहिनींना कन्नडचे अक्षरही येत नाही. पण या वाक्यातले 'बस' आणि 'वांती' हे दोन शब्द त्यांना पुरेसे होते. त्या उठूनच बसल्या. "अहो, गाडी लागते का म्हणून विचारताहेत का? भाऊजी, सांगा त्यांना! साखरपा मागे पडला आणि आंबा घाट सुरू झाला की मी माणसांत राहत नाही." मग त्यांचे कोल्हापूरचे माहेर, घाटाची वळणे, मुठीत धरलेले लिंबू, वाहकाशेजारची जागा मिळवण्यासाठी केलेली मनधरणी, हा तीसएक वर्षांचा इतिहास त्यांनी पाच मिनिटांत सांगितला. मी त्याचे जमेल तसे इंग्रजी केले. डॉक्टर हसत हसत लिहीत होत्या. मात्र जे लिहिले त्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

त्या दोन रेघांचा अर्थ मला त्यांनीच नंतर समजावून सांगितला. जर्मनीतील क्रिस्तियान आप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली असे दाखवून दिले, की भुलीनंतर कोणाला ओकारी होईल याचा अंदाज केवळ चार गोष्टींवरून बांधता येतो: रोगी स्त्री आहे काय, धूम्रपान करीत नाही काय, तिला गाडी लागते किंवा पूर्वी भुलीनंतर वांत्या झाल्या आहेत काय, आणि शस्त्रक्रियेनंतर तिला अफूच्या वर्गातील वेदनाशामके द्यावी लागणार आहेत काय. चारांपैकी एकही लागू नसेल तर शंभरांत सुमारे दहांना हा त्रास होतो; पुढे एकेक गोष्ट वाढली की आकडा एकवीस, एकोणचाळीस, एकसष्ट असा चढत जातो आणि चारही जमल्या की एकोणऐंशीवर पोचतो. वहिनींच्या बाबतीत चारही जमत होत्या. पहिल्या 'नाही'वर विश्वास ठेवला असता, तर त्या एकसष्टांत मोडल्या असत्या. आपल्याकडे किती बायका 'मोशन सिकनेस' या शब्दापुढे नकारार्थी मान हलवत असतील, याचा विचार माझ्या मनातून अद्याप जात नाही. गाडी लागणे हा आपल्या लेखी आजारच नव्हे. तो स्वभाव आहे, आणि स्वभाव काही कोणी डॉक्टरांना सांगत नाही.

धूम्रपानाचे कलम वाचून काही वाचक सुखावतील. विडी ओढणाऱ्याला हा त्रास कमी होतो हे खरे आहे. तंबाखूने केलेला हा एवढाच उपकार असावा! कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढून टाकले, तेव्हा त्यांचा रोगी दुसऱ्या दिवशी सिगार ओढीत होता असे सांगतात. त्या काळी भूल म्हणजे ईथर किंवा क्लोरोफॉर्म. ईथर घेतलेल्यांपैकी बहुतेकांना त्यातून उठताना ओकारी यायचीच. आज ती द्रव्ये मागे पडली. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा आरंभ मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली केला. वीतभर छेदाच्या जागी चार भोके आली आणि रोगी एकदोन दिवसांत घरी जाऊ लागला. मळमळ मात्र राहिली. दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून पोटात वायू भरून ते फुगवतात. त्या ताणाचा हातभारही तिला लागत असावा.

शरीराच्या दृष्टीने पाहिले तर ओकारी हा काही दोष नव्हे. मेंदूच्या तळाशी एक जागा आहे, तिचे काम रक्तातील विषाचा सुगावा घेणे. भुलीची औषधे तिला विषासारखीच भासतात. दुसरी वर्दी आतड्यांकडून येते. तिथे सिरोटोनिन नावाचे द्रव्य सुटते आणि मज्जातंतूवाटे निरोप वर जातो. तिसरी कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून येते. घाटात आपला घात करते ती हीच. तिन्ही वाटांनी आलेले निरोप एका ठिकाणी जमतात आणि मग पोट आपले काम करते. म्हणून एकच औषध सर्वांना पुरत नाही. एक वाट अडवली तरी दुसरी मोकळी राहतेच.

२००४ साली पाच हजारांहून अधिक रोग्यांवर केलेला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ओन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल या तिन्ही औषधांनी धोका प्रत्येकी साधारण चतुर्थांशाने घटतो असे त्यात दिसले. कोणतेच औषध न मिळालेल्यांत शेकडा बावन्नांना त्रास झाला. एक दिलेल्यांत सदतीस, दोन दिलेल्यांत अठ्ठावीस, तीन दिलेल्यांत बावीस. प्रत्येक औषध उरलेल्या धोक्याचा चौथा हिस्सा उचलते, मूळचा नव्हे. ज्याचा धोका मुळातच दहा, त्याला औषध देऊन दोन-अडीचांचा लाभ. ज्याचा ऐंशी, त्याला वीसांचा. म्हणून आधी विचारायचे, आणि उत्तराप्रमाणे एक, दोन की तीन उपाय योजायचे ते ठरवायचे. या साऱ्या शास्त्राचा पाया असा एका घरगुती प्रश्नावर उभा आहे, याची मला फार मौज वाटते.

वहिनींसाठी जे ठरले ते असे. भूल वायूने न देता प्रोपोफॉल या दुधासारख्या पांढऱ्या औषधाने शिरेतून द्यायची. त्याने मळमळ कमी होते. आरंभी डेक्सामेथासोन, शेवटी ओन्डान्सेट्रॉन. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि छिद्रांच्या कडेला बधिरतेचे इंजेक्शन, म्हणजे अफूवर्गीय औषध शक्य तितके थोडे लागेल. सलाईन सढळ. घन अन्न आदल्या रात्रीपासून बंद. पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत पिण्यास हरकत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर वहिनींनी डॉक्टरांशी वाद घातला. जन्मभर एकादश्या केलेल्या बाईला, उपास म्हटल्यावर पाणी प्या म्हणून आग्रह व्हावा, हे त्यांना शास्त्राला धरून वाटेना.

घरच्या उपायांचे काय? आल्याबद्दल मी आवर्जून विचारले. आल्यावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. कुठे गुण दिसला, कुठे नाही. मनगटाच्या उपायाची बाजू त्याहून भक्कम आहे. तळहाताच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटे अंतरावर, दोन शिरांच्या मधोमध चिनी वैद्यकातील एक बिंदू आहे. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८०नंतरच्या दशकात त्याची रीतसर परीक्षा घेतली, आणि पुढे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिल्यावरही त्याचा उपयोग होतो असेच आढळले. मी वहिनींचे मनगट धरून बसलो नाही. ते काम सुनेने केले.

शस्त्रक्रिया तासाभरात आटोपली. दुपार शांततेत गेली. रात्री नऊच्या सुमारास वहिनींचा चेहरा एकाएकी पांढरा पडला. मी तसराळे पुढे केले. परिचारिकेने स्पिरिटचा बोळा त्यांच्या नाकाशी धरला आणि सावकाश श्वास घ्यायला सांगितले. हाही परीक्षिलेला उपाय आहे असे मागाहून कळले. दोन उमासे आले आणि गेले. तसराळे कोरडेच राहिले. हे औषधांमुळे झाले की वहिनी मुळातच त्या एकवीस भाग्यवंतांपैकी होत्या, हे कोणीही सांगू शकणार नाही. टळलेल्या दुःखाचा पुरावा कधीच हाती येत नाही. भूलतज्ज्ञांना आभाराची पत्रे फारशी येत नाहीत, त्याचे कारण बहुधा हेच असेल.

घरी सोडण्याच्या दिवशी वहिनींनी डॉक्टरांचा हात धरून ठेवला आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, ते शेवटचे इंजेक्शन गोळीच्या रूपात मिळते का विचारा. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला जायचे आहे." मी विचारले. डॉक्टर म्हणाल्या, गोळी मिळते, पण घाटात तिचा उपयोग नाही. ती आतड्यांकडची वाट अडवते. कानाकडची तिला आवरत नाही. त्यासाठी औषधे वेगळी. वहिनींनी ते सारे ऐकून घेतले आणि पुतण्याला जाताना गाडी मंडईकडून घ्यायला सांगितली. लिंबे घ्यायची होती.